करदोड्यातली एक कडी

दवनीवाडा
१२ नोव्हेंबर २०२४

चेतना,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. ज्या मुलीने दोन वर्षं बापाचा नंबर ब्लॉक करून ठेवलाय तिला आशीर्वाद पाठवायचे, आणि तिने ते परत पाठवले तर ठेवायचे कुठे? खोडलेलं वाचता येतंय. वाचून घे.

बाळाची बातमी मला रेणूने दिली. तुझी ही बालमैत्रीण आता गावची आशाताई झालीय. परवा शेजारच्या घरच्या पोराचं वजन करायला आली होती. दुकानात डोकावून म्हणाली, "काकाजी, नातू पाहा ना तुमचा." तिच्या मोबाईलच्या काचेला तडा आहे आणि तो नेमका पोराच्या नाकावरून जातो. साडेपाच महिन्यांचा नातू मी पहिल्यांदा पाहिला तो असा, दोन तुकड्यांत. मला राग आला. आधी तुझा, मग माझा, मग मोबाईलच्या काचेचा. रेणूला चहा विचारायचंसुद्धा राहून गेलं. तुझा पत्ता तिच्याकडूनच घेतला, तिला बोल लावू नकोस. मी तिच्या मागेच लागलो होतो.

सोबतच्या डबीत करदोडा आहे. चांदीचा, मी विणलेला.

दुर्गेशरावांना माझा हा नाद ठाऊक नसेल, तर त्यांना नीट समजावून सांग, नाहीतर म्हणतील सासऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. दिवसा मी शेतपंपांच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करतो. वेळ मिळाला की तार सळईवर गुंडाळतो, कापून तिच्या कड्या करतो, आणि दोन पकडी घेऊन कडीत कडी अडकवत चिलखत विणतो. जुन्या राजांच्या अंगात असायचं तसलं जाळीचं. आता लढाईला कोण जातो? म्हणून त्याचे पट्टे होतात, कानातले होतात, किल्ल्यांच्या साखळ्या होतात. गावात मला चिलखतवाला म्हणतात. काही जण प्रेमाने म्हणतात, काही हसून. मी दोघांनाही ओ देतो.

करदोड्याला चांदीची तार गोंदियाच्या चुन्नीलाल सोनाराकडून ओढून आणली. साडेतीन मिलिमीटरची कडी. प्रत्येक कडी चार कड्यांतून जाते. एकूण पाचशे चौऱ्याहत्तर कड्या आहेत. विणून झाल्यावर राइस मिलमधला कोंडा डब्यात भरला, त्यात करदोडा टाकला आणि अर्धा तास डबा हलवत बसलो. कोंड्याने चांदीला जी चमक येते ती पावडरने येत नाही. मग टूथब्रशने कण न् कण काढला, बाळाच्या अंगाला टोचायला नको. कडा माझ्याच पोटाच्या कातडीवर घासून पाहिल्या. कुठे ओरखडा नाही.

तुझी आई म्हणायची की उष्टावणाला बाळाच्या कमरेला नवा करदोडा हवा आणि तो आईच्या माहेरचा हवा. ती असती तर तिनेच नेऊन घातला असता. ती नाही, त्यामुळे तुझं माहेर म्हणजे आता मी आणि एक कूलर.

त्या जुलैबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तुझी बँकेची परीक्षा होती. आईला साधा ताप आहे, असं मी तुला अकरा दिवस फोनवर सांगितलं, ते परीक्षेसाठीच सांगितलं. तू आलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुला जे बोलायचं होतं ते तू अंगणात, चार माणसांसमोर बोललीस. मी ऐकून घेतलं. यापुढे त्यावर बोलायचं असेल तर तू बोल, मी पुन्हा ऐकेन.

करदोडा पोचला की रेणूला कळव. मला नाही कळवलंस तरी चालेल.

बाबा


दवनीवाडा
२४ नोव्हेंबर २०२४

चेतना,

पोस्टातल्या मुलीने कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं की पार्सल सोळा तारखेला पोचलं आणि सहीसुद्धा झालीय. सही तुझी की दुर्गेशरावांची ते कॉम्प्युटर सांगत नाही. रेणूला तू काही कळवलेलं नाहीस. हरकत नाही, घरात लहान मूल आहे, वेळ मिळत नसेल.

एक विचारायचं होतं. करदोडा बाळाच्या कमरेला घातलास का? घातला नसशील तर घालू नकोस. घातला असशील तर काढ. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, मापाचा प्रश्न आहे. मी मोबाईलवरच्या फोटोवरून अंदाजाने विणला. मूल वाढीला लागलेलं, हिवाळ्यात अंग धरतं. घट्ट होईल. तू तो तसाच डबीत घालून मला परत पाठव, मी दोन बोटं वाढवून देतो. स्पीड पोस्टने पाठव. हुक काढताना ओढू नकोस.

दिवाळीनंतरची गावची मंडई झाली, यंदा जत्रेला गर्दी होती. तुला मंडईतलं दंडारीचं नाटक आवडायचं, म्हणून सांगतो. यंदा आपल्या पोरांनी राजाची कथा बसवली होती. राजा म्हणजे किराणावाला उमेंद्र. त्याने महिनाभर माझ्या मागे लागून चिलखत करून घेतलं, ॲल्युमिनियमच्या तारेचं, छातीपुरतं. दुपारच्या खेळात तो उन्हात उभा राहिला तेव्हा लोकांनी डोळ्यांवर हात धरले, इतकं ते चमकलं. मीही पुढे सतरंजीवर बसलो होतो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

मग सेनापतीबरोबर तलवारबाजी सुरू झाली. लाकडी तलवारी. एक वार चिलखतावर घासत गेला आणि कडी निसटली. एकच. टिंग करून फळीवर पडली आणि घरंगळत खाली आली. उमेंद्र राजाच्या आवाजातच माझ्याकडे बघून म्हणाला, "काकाजी, तुमचं राज्य गळून राहिलं ना जी!" सगळी मंडई हसली. मीही हसलो.

कडी आमच्या पुढ्यात येऊन थांबली होती. शेजारच्या खुशबूचं पोर, वर्षाच्या आतलं, सतरंजीवर रांगत होतं. त्याने ती उचलली आणि तोंडात घातली. खुशबूने पाहिलं म्हणून बरं. "थूक! थूक बाप्पा!" असं ओरडत तिने बोट घालून ती बाहेर काढली. पोर रडायला लागलं, दंडारीचा पेटीवाला थांबला, मग परत वाजवायला लागला. खुशबू ती ओली कडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "काकाजी, असं काऊन सैल ठेवता जी तुम्ही?" मी म्हणालो, तलवार जोरात लागली.

तुझ्याकडच्या करदोड्याचा आणि याचा काही संबंध नाही. हे ॲल्युमिनियम, ती चांदी. याच्यावर तलवारी मारल्या, तिथे कोण मारणार? मी फक्त मापासाठी परत मागतोय. दहा वर्षांत माझ्या कामातली एक कडी पडलेली नाही, हे गावात कुणालाही विचार.

फक्त घालू नकोस. आणि डबी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस. कपाटात वर ठेव.

बाबा


दवनीवाडा
२९ नोव्हेंबर २०२४

चेतना,

आज रोजच्यासारखा पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो. तो माझ्या दुकानासमोर सायकल हळू करतो आणि मान हलवून पुढे जातो. त्यालाही आता कसंतरी वाटतं.

करदोडा परत आला नाही. म्हणून पुन्हा लिहितो. यात आणखी एक गोष्ट आहे जी मागच्या पत्रात राहिली. चांदीत गडबड आहे. चुन्नीलालने तार ओढताना काहीतरी मिसळलं असावं, असा मला संशय आहे. बाळाच्या कातडीला त्याने पुरळ येऊ शकतं. तेव्हा मापाचं सोड, पण या कारणासाठी तरी तो काढून ठेव. धुवायलाही घेऊ नकोस, धुताना चोळला जातो. जसा आहे तसा कापडात गुंडाळून पाठव, चिमटीत धरून हलवू नकोस.

मी काल रेणूकडे गेलो होतो. माझ्या फोनवरून लागत नाही म्हणून तिच्या फोनवरून लावला. तू उचललास. मला बाजूला उभं राहून तुझा 'हॅलो' ऐकू आला, आणि मी तिथेच ओट्यावर बसलो. रेणू म्हणाली, "काकाजी करदोड्याचं विचारून राहिले." त्यावर तू काय म्हणालीस ते रेणूने मला सांगितलं. "पत्रं मिळाली. त्यांना लिहू दे." आणि फोन ठेवलास. मागे बाळ काहीतरी बोलत होतं. बोलत म्हणजे, आवाज करत होतं. तोंडात काही असल्यासारखा आवाज होता का, हे मी रेणूला तीनदा विचारलं. ती म्हणाली, "लेकरू आहे, मुठी चोखून राहिलं असन."

रेणू हुशार आहे. मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "काकाजी, तुम्ही काहीतरी लपवून राहिले. तब्येत बिघडली का तुमची?" मी म्हणालो, तब्येतीला काय होतंय. जेवण मात्र जात नाही, ते तिला सांगितलं नाही.

'त्यांना लिहू दे' म्हणजे काय ग? पत्रं मिळाली तर मग करदोडा का पाठवत नाहीस? बाळाच्या अंगावर तो आहे की नाही, एवढं एका शब्दात कळव. 'आहे' किंवा 'नाही'. कोऱ्या पोस्टकार्डावर टाक. दुकानात एक मोटार चार दिवस उघडी पडलीय. तार गुंडाळायला घेतो आणि वेढे मोजताना चुकतो. पस्तीस वर्षांत मी वेढे चुकलेलो नाही. शेतकरी शिव्या घालून गेला, त्याचं उन्हाळी धानाच्या रोपांचं पऱ्हं पाण्यावाचून अडलंय.

बाबा


दवनीवाडा
२ डिसेंबर २०२४

चेतना,

मापाचं लिहिलं ते खोटं होतं. करदोड्याला मागे चार मोकळ्या कड्या आहेत, हुक पुढेमागे करून तो दोन वर्षांच्या मुलालाही बसेल. चुन्नीलालबद्दल लिहिलं तेही खोटं. त्याची चांदी चोख आहे. एका भल्या माणसाचं नाव मी माझ्या अंगावरचं झटकायला वापरलं. त्याला याचा पत्ता नाही, तरी गोंदियाला गेलो की त्याच्या पाया पडणार आहे. तो घाबरेल.

खरं काय ते आता लिहितो. आज सकाळी रेणूला जाऊन सांगितलं, तिने लगेच तुला मेसेज टाकला. मेसेजला दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

करदोड्यातली एक कडी उघडी आहे. हुकाच्या डाव्या बाजूने सातवी, खालच्या ओळीतली. ती चुकून राहिलेली नाही, मी मुद्दाम उघडी ठेवली. माझ्या प्रत्येक कामात मी एक कडी अशी ठेवतो, केसाएवढी फट. पाहून दिसत नाही, नखाला लागते. पहिला पट्टा केला तेव्हा तो इतका देखणा झाला की मलाच भीती वाटली. लेकराच्या गालाला काजळाची तीट लावतात तशी याला काय लावू? तेव्हा एक कडी पकडीने दाबायची तशीच सोडली. पुढे सवय लागली. कामात एक खोट असली की दृष्ट त्या खोटीवर जाते, असं मी मनाशी धरलं. हे कुणाला सांगायचं नसतं, सांगितलं तर तीट राहत नाही, म्हणून तुझ्या आईलाही कधी बोललो नाही.

नातवाच्या करदोड्यात तर ठेवणारच होतो. उलट तीच एक कडी मी सगळ्यांत जास्त मन लावून ठेवली. डोक्यात एवढंच होतं की याला कुणाची नजर लागू नये. चांदी मऊ असते, लेकरू पालथं पडतं, कमरेला हात घालून ओढतं, हे सगळं मला माहीत होतं ग. पण दहा वर्षांत एक कडी कधी निसटली नाही, म्हणून ती निसटू शकते हेच मी विसरून गेलो. उमेंद्रच्या चिलखतातून जी पडली ती हीच, त्यातली उघडी ठेवलेली. आजपर्यंत न पडणारी आता का पडली हे मला कळत नाही. माझा हात गेला असेल. पन्नाशीनंतर जातो.

खुशबूच्या पोराच्या तोंडातून ती कडी निघाली त्या क्षणापासून मला दुसरं काही दिसत नाही. तरी मी तुला माप लिहिलं, पुरळ लिहिलं. तू म्हणशील, एवढी भीती वाटत होती तर त्याच दिवशी रेणूकडून निरोप का नाही दिला? फोन लावला त्या दिवशी ती मला तेच म्हणाली होती. "काही खास सांगायचं असन तर सांगा, मी सांगतो तिले." मी म्हणालो, काही खास नाही. घरी आलो आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरंच मारली.

मला भीती बाळाची होती आणि तुझीही होती. तू म्हणशील, यांनी आईचं लपवलं, आता माझ्या लेकराच्या कमरेला फास बांधून पाठवला. मग पत्ताही बदलशील. मोबाईलच्या तडा गेलेल्या काचेतून दिसतो तेवढा नातूही जाईल. त्या भीतीपोटी मी बाळाचा जीव आठ दिवस टांगणीला ठेवला. याला काय म्हणायचं ते तू ठरव.

आता लिहायला बसलोच आहे तर दुसरंही लिहितो. हे कुणालाच माहीत नाही.

तुझ्या आईने पाचव्या दिवशी विचारलं, "चेतनाले बोलावलं का जी?" मी म्हणालो, बोलावलं. ती म्हणाली, "कधी येते मंग?" मी म्हणालो, गाडीत बसली. मला वाटलं होतं दोन दिवसांत ताप उतरेल, तुझा पेपर होईल, मग खरंच बोलावू. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, गाडी लेट आहे. असं सहा दिवस. फाटक वाजलं की ती मान वळवायची. शेवटी मान वळवता येईना तेव्हा डोळे वळवायची. आणि मी तिला पाणी पाजत म्हणायचो, येऊन राहिली, येऊन राहिली. तुला मी परीक्षेसाठी सांगितलं नाही, असं सगळ्यांना सांगतो. ते पहिल्या चार दिवसांपुरतं खरं आहे. नंतर मला तोंड नव्हतं म्हणून सांगितलं नाही. एकदा ताप साधा आहे म्हटल्यावर तो साधा नाही हे कोणत्या तोंडाने सांगू, असं करत करत तो दिवस आला.

आज पुन्हा तेच होऊ लागलं होतं. एकदा माप म्हटल्यावर कडी कशी म्हणू? म्हणून लिहिलं.

करदोडा टाकून दे. कचऱ्यात नको, कचऱ्यातून मूल उचलेल. नाल्यात टाक. तो त्याच्या अंगावर होता का, कडी जागेवर आहे का, एवढं मात्र मोजून पाहा. पाचशे चौऱ्याहत्तर. एक जरी कमी भरली तरी डॉक्टरकडे ने आणि पोटाचा एक्स-रे काढायला सांग. माझ्यावर राग असला तरी हे कर.

बाबा


वाळूज
७ डिसेंबर २०२४

बाबा,

पाचशे चौऱ्याहत्तर कड्या आहेत. दुर्गेशने काल मोजल्या, मी परवा मोजल्या होत्या. बाळ ठणठणीत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही श्वास घेऊन वाचाल.

उघडी कडी मला सोळा तारखेलाच सापडली. डबी उघडली, बाळाला दुर्गेशकडे दिलं आणि खिडकीशी बसून एकेक कडी नखाने तपासली. सातवी निघाली. दुर्गेशच्या पकडीने बंद केली. हे मला आईने शिकवलं होतं.

तुम्हाला वाटतं आईला माहीत नव्हतं. पहिल्या पट्ट्यापासून माहीत होतं. तुम्ही काम संपवून ते खिळ्याला टांगलं आणि आंघोळीला गेलात की ती तो पट्टा खाली काढायची, बोट फिरवत उघडी कडी शोधायची आणि चुलीजवळच्या सांडशीने दाबून टाकायची. मी आठवीत असताना पहिल्यांदा पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "बाबाची तीट आहे ते. कोणाच्या पायात गेली म्हणजे? तू बोलू नको त्याईले, वाईट वाटन." पुढे ती मलाच शोधायला लावायची, माझी नखं बारीक होती म्हणून. दुकानात जुना एखादा पट्टा असेल तर पाहा. प्रत्येकात एक कडी जराशी चेपलेली असेल. तुमचा हात गेलेला नाही, बाबा. उमेंद्रच्या चिलखतामागे आई नव्हती, एवढंच.

आता माझं सांगते. तुमचं मापाचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं की तुम्हाला ती कडी आठवलीय. एक फोन करून मी तुमचा जीव भांड्यात पाडू शकले असते. नाही केला. हे खरं सांगतात का, हे मला पाहायचं होतं. दुर्गेश म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला इतकं ताणू नकोस. मी त्याच्यावर खेकसले. पुरळाचं पत्र आलं तेव्हा ते फाडायला घेतलं होतं. रेणूचा मेसेज आला तेव्हा तरी उत्तर द्यायला हवं होतं. पण ते रेणूचं लिहिलेलं होतं आणि मला तुमच्या हातचं हवं होतं. तुम्ही जेवत नाही हे वाचूनही मी गप्प बसले. मी वाईट वागले. तुमचीच मुलगी आहे.

तुम्ही चौथ्या पत्रात सांगितलंत. उशिरा सांगितलंत, पण सांगितलंत. त्याच्यासाठी मी तयार होते. तुम्हाला काय लिहायचं तेही ठरवून ठेवलं होतं, दोन ओळी, नंबर अनब्लॉक केलाय वगैरे.

गाडीचं मला माहीत नव्हतं.

ते वाचून मी तीन दिवस काही लिहू शकले नाही. स्वयंपाक करता करता ओट्याला धरून उभी राहायचे. आई माझी वाट पाहत होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी इतके दिवस समजत होते की तिला शुद्धच नसेल, तिला कळलंही नसेल मी आले नाही ते. तसं समजून मी कशीबशी झोपत होते. आता मला रोज ते फाटक ऐकू येतं. हे मी माफ केलंय असं खोटं लिहिणार नाही. कधी होईल मला माहीत नाही. मी भांडेन तुमच्याशी, फोनवर नाही, समोर बसवून. तुम्हाला ऐकावं लागेल. रडू नका त्या वेळी, तुम्ही रडलात की मला भांडता येत नाही.

उष्टावण अजून केलेलं नाही. साडेसहा महिने होत आले, सासूबाई विचारतात, मी सर्दीचं निमित्त सांगते. तुमची सवय मलाही लागलेली दिसते. घास मामाने भरवायचा असतो. याला मामा नाही, तर आजोबांनी भरवायचा. त्या दिवशी करदोडा घालणार आहे. नाल्यात टाकायला मी वेडी नाही.

आईला तुम्ही सहा दिवस सांगत होता, की मी गाडीत बसले आहे. आता तुम्ही खरंच बसा. मी बाळाला घेऊन स्टेशनवर येते.

चेतना